पोस्टकार्डाएवढी जागा

आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर विश्वास ठेवायची सोय नव्हती. ‘साबुदाणा’ लिहिलेल्या डब्यात अर्ध्या इंचाचे यू-खिळे असायचे, ‘वेलदोडे’मध्ये प्लास्टिकच्या क्लिपा, आणि खरा साबुदाणा कुठं आहे हे फक्त अव्वाला माहीत. अव्वा म्हणजे माझी आई, अप्पा म्हणजे वडील. आम्ही लिंगायत, अव्वाचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळं घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेलं. एकदा माहेरून आलेल्या मावशीनं फोडणीला म्हणून डबा उघडला आणि तेलात मूठभर बारके चुकखिळे सोडले. मोहरी तडतडत न्हाय म्हणून ती कितीतरी वेळ कढईत वाकून बघत बसली होती. अव्वानं त्या दिवशी अप्पांना जे ऐकवलं ते कन्नडमध्ये होतं, म्हणून इथं लिहीत नाही.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं, गंगावेशीकडच्या एका गल्लीत. मागं अव्वा भाकरी थापायची आणि पुढं अप्पा फळीवर खिळे ठोकून गिऱ्हाइकाला दाखवायचे, त्यामुळं सकाळभर घरात दोन तऱ्हेचे ठोके चालायचे. मला अजूनही कुठं भाकरी थापल्याचा आवाज आला की लोखंडाचा वास येतो. दुकानात बल्ब, बटणं, फ्यूजची तार असं सगळं होतं, पण अप्पांचा जीव बारक्या वायरींत. दारावरची घंटी, माडीवर नेलेला टेलिफोन, देवळातला कर्णा. हात लागला तरी माणूस मरत नाही ती बारकी वायर, अशी त्यांची सोपी व्याख्या होती. दुसरे फिटर ही कामं उरकून टाकायचे. अप्पा म्हणायचे, “झटका बसत न्हाय म्हणून तिकडं कुणी बघत न्हाय. आनी बघत न्हाय म्हणूनच तिथं घोळ हुतोय.”

ही वायर भिंतीला किंवा लाकडाला धरून ठेवायला आमच्याकडं दोन वस्तू. एक यू-खिळा. दोन टोकांचा, वायरीवर उपडा घालायचा आणि ठोकायचा, काम झटपट आणि दिसायला नीटस. दुसरी क्लिप, म्हणजे प्लास्टिकची बारकी कमान आणि तिच्या कडेला एक खिळा. क्लिपेला वायरीचं बरोबर माप लागतं. मोठी घेतली तर वायर आत लोळते, लहान घेतली तर बसतच नाही, आणि तो एकुलता एक खिळा नेमका वाकतो. म्हणून लोकांना यू-खिळा आवडायचा. पण यू-खिळा चावतो. एक ठोका जास्त पडला की तो वायरीच्या अंगात शिरतो, आणि वरून काही दिसत नाही. यावर अप्पांचा स्वतःचा एक उपाय होता. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पोस्टकार्डाची बोटभर रुंद पट्टी असायची. प्रत्येक खिळा ठोकला की त्याच्या आणि वायरीच्या मधून ती पट्टी घालून बघायची. गेली तर खिळा बरोबर, नाही गेली तर उपसायचा. “वायर हालाय पायजे, पन लोंबाय नको,” असं ते सांगायचे. या पट्ट्या अव्वाच्या माहेरच्या पत्रांतून कापलेल्या असायच्या. माझ्या मामाचं ‘सर्व खुशाल’ कोल्हापुरातल्या किती घरांच्या वायरींखालून फिरून आलं असेल याचा हिशेब नाही.

मागच्याच महिन्यात आमच्या इमारतीत इंटरनेटची वायर टाकायला दोघं आले होते. हातात स्टेपल मारायची बंदूक, धाडधाड चाललेलं. मी खुर्ची घेऊन जिन्यात बसले आणि म्हटलं, “पावणं, जरा थांबा.” आता पोस्टकार्ड मिळत नाही, मी लग्नपत्रिकेची पट्टी वापरते. चौदांपैकी अकरा स्टेपलांखालून ती गेली नाही. त्यातला एक म्हणाला, “आज्जी, हे चालतंय सगळीकडं.” मी म्हटलं, चालतंय म्हणून तर बसाय लागतंय. त्यांनी तोंडं वाकडी करत क्लिपा मारल्या. म्हातारी खडूस आहे असं ते खाली जाताना बोलले, ते मला ऐकू आलं. खडूस आहेच मी. पण ही खोड मला जन्मजात नव्हती, ती कबनूरला, यंत्रमागांच्या एका गावात लागली.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसले होते. ‘बसले होते’ हे अव्वाचं म्हणणं. मी दिवसभर दुकानातच असायची, डोळे मिटून बोटांत क्लिप धरून माप सांगायची, बटणं खोलायची, घंट्या दुरुस्त करायची. मला अप्पांबरोबर कामावर जायचं होतं. अव्वा म्हणायची, “पोरगी शिडीवर चढलेली दिसली तर बघाय आलेलं पावणं गल्लीतनंच माघारी जातील.” अप्पा या वादात पडत नसत. पण त्या वर्षी ते मोटारसायकलवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हात गळ्यात अडकवून ते दुकानात बसले असतानाच कबनूरहून अण्णाप्पा आला.

अण्णाप्पा आणि त्याची बायको मालन, दोघांचे मिळून आठ यंत्रमाग. खाली शेड, वर लाकडी माडी, आणि माडीवर अण्णाप्पाची आई गंगव्वा. म्हातारीला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, कळत मात्र सगळं होतं. नवरा-बायको दिवसभर खाली मागांवर. तिला वर पाणी लागलं, मोरीवर जायचं झालं, तर कळायचं कसं? म्हणून तो घंटी मागायला आला होता. अप्पा हसले. “आठ माग चालू असताना घंटी कुनाला ऐकू येनार? तुला दिवा पायजे.” आणि त्यांनी पाठकोऱ्या कागदावर डाव्या हातानं वेडंवाकडं काढून दाखवलं. गंगव्वाच्या चांगल्या हातात बटण, तिथून बारकी वायर माडीखालच्या तुळईवरून खाली, आणि मालनच्या मागासमोरच्या खांबावर तांबडा दिवा. बटण दाबलं की दिवा लागणार, मालन वर जाणार.

कागद माझ्या हातात देऊन अप्पा म्हणाले, “हे काम तू एकटी कर. तक्रार आली न्हाय तर फुडची बी तूच करायचीस. आली, तर तुझ्या आईचं ऐकायचं.”

“करतो की,” मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही करतो, जातो असंच बोलतात.

“आनी मागाच्या घरात क्लिपाच मार. यू-खिळा मारलाच, तर पोस्टकार्ड.”

शेडच्या सुट्टीच्या दिवशी मी गेले. आठही माग गप्प होते. कबनुरात शांतता म्हणजे काय ते मी त्या एकाच दिवशी ऐकलं. तुळई ऐनाच्या लाकडाची, जुनी, दगडासारखी. पहिल्या क्लिपेचा खिळा वाकला, दुसऱ्याचा वाकला, डझनभर वाकल्यावर माझं डोकं सटकलं. खाली अण्णाप्पा मान वर करून बघत होता आणि मला वाटायला लागलं की हा मनात म्हणतोय, पोरगीच ती. मी पिशवीतून यू-खिळे काढले. ते जाडजूड पोलादी, चार ठोक्यांत आत गेले. तुळईशी सपाट बसेपर्यंत मी त्यांना ठोकलं, कारण सपाट खिळा चांगला दिसतो. वायर एका रेषेत ताणून बसली. अण्णाप्पा म्हणाला, “दोरी मारल्यागत काम झालंय की.” पट्टी माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेली होती. ती मी सोडलीसुद्धा नाही. बटण दाबलं, दिवा लागला. गंगव्वानं आपल्या डाव्या अंगठ्यानं तीनदा दाबून बघितलं आणि तिचं अर्धं तोंड हसलं.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, “पोस्टकार्ड गेलं?” मी म्हटलं, “व्हय.” एवढ्याशा शब्दाला काय लागतं. अव्वानं त्या दिवशी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर केली होती, माझ्या पहिल्या कामाची म्हणून, नको नको म्हणत का होईना. मी दोन वाट्या खाल्ल्या.

तीनेक आठवड्यांनी मालन दुकानात आली. एकटीच, घाईघाईनं, डोक्यातला कापसाचा भुरा न झटकता. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि काउंटरवर दिवा आणि बटण ठेवलं.

“काका, ह्यो तुमचा दिवा. वायर सवडीनं काढून न्या.”

“का? बिघडला?” अप्पांनी विचारलं.

“दिवा न्हाय बिघडला. आमची सासू बिघडलीया.” मग तिनं सगळं सांगितलं. “पैले आठ दिस झ्याक चाललं. मग मी मागावर हुबी ऱ्हायलो की दिवा. वर पळत जातो, तर म्हातारी मान हलवती, काय नको म्हणून. खाली येतो, परत दिवा. दिसात तीस-तीस येळा जिना चढतो. तेवढ्यात हिकडं सूत तुटतंय, कापडात खोट निघतीया. आनी सांच्याला माग बंद केला की दिवा एकदा बी लागत न्हाय. म्हंजे मी कामात असलो की मुद्दाम करती की न्हाय? ह्यांनी चार दिसांमागं तिच्या हातातनं बटण काढून घेतलं. लई बोलले आईला. मी बी बोललो.” इथपर्यंत ती रागातच होती. मग आवाज खाली आला. “तवापासनं ती भिंतीकडं तोंड करून पडलीया. घास भरवाय गेलं तर तोंड उघडत न्हाय.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला तिच्या दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं. बटण दाबलं की दोन तारा एकमेकींना टेकतात आणि दिवा लागतो. माझे खिळे वायरीत घुसले होते. माग चालू झाले की तुळई थरथरते, थरथरीत खिळा वायर कुरतडतो, दोन्ही तारांना टेकतो, आणि कुणी न दाबता दिवा लागतो. माग थांबले की थरथर थांबते, दिवाही थांबतो. मी सुट्टीच्या दिवशी काम केलं होतं, थांबलेल्या घरात. आणि जिला बोलता येत नाही अशा बाईवर माझ्या खिळ्यांनी आळ आणला होता.

अप्पांनी मालनला एवढंच विचारलं, “माग बंद असला की दिवा लागत न्हाय, नक्की?”

“नक्की.”

मग ते माझ्याकडं वळले. रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. “शैले, पोस्टकार्ड गेलतं काय?”

आतल्या खोलीत भाकरी थापायचा आवाज थांबला. अव्वा ऐकत होती. मी परत ‘व्हय’ म्हणू शकले असते. वायरच खराब निघाली, उंदरानं खाल्ली, मालनला काय कळणार होतं? खरं सांगितलं तर शिडी संपली, दुकान संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“न्हाय,” मी म्हटलं. “मी घालूनच बघितलं न्हाय. वैनी, तुमची सासू काय करत न्हवती. माझं काम चुकलंय.”

मालन माझ्याकडं बघत राहिली. तिला आधी राग यायला हवा होता, पण तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “आगं बाई, मी तिला काय काय बोललो.”

“मी येत न्हाय,” अप्पा म्हणाले. “जिनं ठोकलं तिनंच काढायचं. आनी म्हातारीच्या म्होरं सांगायचं, हितं न्हवं.”

एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो. कबनूरला उतरलं की जमिनीतूनच आवाज यायला लागतो. शेडमध्ये अण्णाप्पा एका मागावर वाकला होता. मी त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. मोठ्यानं सांगितलं, त्यानं कानाला हात लावला. शेवटी मी ओरडायला लागले, “दादा, चूक माझी हाय, खिळं माझं वायरीत घुसलंत, आजी बटण दाबत न्हवत्या!” तेवढ्यात मालननं एकेक करत माग बंद करत आणले होते. शेवटचा माग थांबला आणि माझा आवाज तेवढाच मोठा राहिला. “आजींनी काय केलं न्हाय!” हे सगळ्या शेडमध्ये आणि माडीच्या फळ्यांतून वरपर्यंत गेलं. अण्णाप्पा तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “मी आईच्या हातातनं ओढून घेतलंय ते,” आणि तोंड फिरवून कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला. तो मला बोलला असता तर बरं झालं असतं.

वर जाऊन गंगव्वाच्या पायाशी बसून मी तेच परत सांगितलं, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. ती भिंतीकडं तोंड करून होती. वळली नाही. डावा हात छातीवर होता, तोही हलला नाही. मी उठले आणि शिडी लावली.

एकेक खिळा पक्कडीनं उपसला. तिसऱ्या मागाच्या बरोबर वर वायर दोन ठिकाणी चावलेली, आतली तांब्याची तार चमकत होती. नवी वायर घेतली, क्लिपा घेतल्या, आणि पहिलाच खिळा परत वाकला. खालून शिडी धरून उभी असलेली मालन म्हणाली, “आगं, आधी टोच्यानं भोक पाड. आनी खिळा केसातनं फिरव. सुतार करत्यात न्हवं?” माझी वेणी तेल चोपडलेली होती. खिळा केसातून फिरवला, तेलकट झालेला खिळा ऐनात सरळ शिरला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी कडक लाकडात खिळा केसातूनच फिरवून मारते. आता केस पांढरे आणि विरळ आहेत, पण तेवढ्याला पुरतात. सगळ्या क्लिपांखालून पट्टी फिरवली, दिवा आणि बटण परत जोडलं. मग अण्णाप्पाला सांगून आठही माग चालू केले आणि दिव्यासमोर अर्धा तास उभी राहिले. दिवा मुकाट राहिला. स्वतः वर जाऊन बटण दाबलं, मालन खालून ओरडली, लागला.

बटण गंगव्वाच्या डाव्या हातात ठेवलं आणि म्हटलं, “आजी, दाबून बघा, मी खाली थांबतो.” खाली गेले. दिवा लागेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वायर तपासली, जोड तपासले, सगळं ठीक. वर जाऊन बघते तर तिनं बटण मुठीत धरलं होतं, पण अंगठा लांब ठेवला होता, चटका बसेल अशा भीतीनं ठेवावा तसा. बिघाड राहिलेला नव्हता. ती आता दाबणार नव्हती. मला त्या क्षणी खरंच कळलं की मी काय करून ठेवलं होतं. वायर बदलता येते.

मालन वर आली. ती उशाशी बसली आणि सासूच्या कपाळावरचे केस मागं सारत म्हणाली, “आत्ती, चुकलं माझं. शंभरदा दाबा, मी शंभरदा येतो. पण दाबा की.” एवढं बोलून ती उत्तराची वाट न बघता खाली गेली आणि तिनं आपला माग चालू केला. मी तिथंच बसून राहिले. माडीवरून दिवा दिसत नाही. खाली आठ माग धडधडत होते, फळ्या हलत होत्या, गंगव्वा आढ्याकडं बघत होती. मग तिचा अंगठा सरकत सरकत बटणावर आला आणि थांबला, आणि तिनं दाबलं.

आठातला एक ठोका कमी झाला. लगेच जिन्यावर पावलं वाजली. मालन दारात उभी राहिली, धापा टाकत. “काय आत्ती? पाणी? मोरीवर जायचं?” म्हातारीनं मान हलवली. डावा हात उचलला, माझ्याकडं बोट दाखवलं, आणि पाची बोटं एकत्र करून तोंडाशी नेली.

“आगं, तुला जेवाय वाढ म्हणतीया,” मालन म्हणाली.

मालननं ताट आणलं. जोंधळ्याची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. दोघींना एकाच ताटात घेऊन ती एकेक घास गंगव्वाला भरवत होती, आणि गंगव्वा तोंड उघडत होती. मी निम्मी भाकरी खाऊन थांबले तर म्हातारीनं ताटाकडं बोट दाखवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. उसळ तिखट आहे असं मी मालनला सांगितलं. तिनं माझ्यापुढं दही सरकवलं.

घरी पोचले तेव्हा अप्पा उंबऱ्यातच उभे होते. दिवा लागतो का, वायर बदलली का, काही विचारलं नाही.

“जेवलीस काय?”

“व्हय. गंगव्वानं वाढाय लावलं.”

मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, “तक्रार आलती, अप्पा. ठरल्यापरमानं आता अव्वाचं ऐकतो.” अव्वा दाराआड होती. ती बाहेर आली, तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या डोळ्यांकडं बघितलं, पिशवी उचलली आणि परत माझ्याच हातात दिली. “उद्या गंगावेशीतलं घंटीचं काम हाय म्हणं,” ती म्हणाली. “डब्यातल्या क्लिपा संपल्यात. वेलदोड्याच्या डब्यात न्हाईत, जिऱ्याच्या बघ.”

अप्पांनी सदऱ्याच्या खिशातली पट्टी काढली आणि मला दिली. तिच्यावर मामाच्या अक्षरात एवढंच उरलं होतं: उलट टपाली कळवणे.